हजेरीपटावरची नावे : माहिती अधिकाराचा विसरलेला उगम

१/ माहितीचा अधिकार २००५ साली दिल्लीने जनतेला बहाल केला, असे सांगण्याची रूढी आहे. ते अर्धसत्य आहे. त्या कायद्याचा उगम राजस्थानातील दुष्काळी कामांच्या हजेरीपटात आहे, आणि आज नेमका तोच उगम बुजवला जात आहे.

२/ १ मे १९९० रोजी राजस्थानातील भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि त्यांच्यासोबत तिथले मजूर-शेतकरी. तक्रार साधी होती : सरकारी कामावर राबूनही किमान वेतन मिळत नाही. उत्तर ठरलेले : हजेरीपटावर तेवढे काम नोंदलेलेच नाही. आणि हजेरीपट पाहू म्हटले, की तो गोपनीय!

३/ डिसेंबर १९९४. पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. अशा सुनावण्यांत मिळवलेल्या कागदांवरील नावे गावासमोर मोठ्याने वाचली जात. मृतांच्या नावे मजुरी, गाव सोडून गेलेल्यांच्या नावे मजुरी, न झालेल्या कामांची बिले. लेखापरीक्षणातून जे सुटले, ते गावाने ऐकताक्षणी ओळखले.

४/ १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी कागदांच्या प्रती देण्याचे विधानसभेत जाहीर केले; आदेश मात्र निघेना. म्हणून १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले. त्याच वर्षी कार्यकर्ते, पत्रकार, वकील यांची देशव्यापी आघाडी उभी राहिली : लोकांच्या माहिती अधिकाराची राष्ट्रीय मोहीम. कायद्याच्या प्रारंभिक मसुद्याला हातभार लावला तो न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील प्रेस कौन्सिलने.

५/ २००२ चा केंद्रीय कायदा कधी अमलातच आला नाही. आजचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. पहिल्या सुनावणीपासून जवळपास अकरा वर्षे! याला कुणी देणगी म्हणावे काय?

६/ आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहा. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वा खासगीपणावर अकारण आक्रमण करणारी माहितीच नाकारता येई, आणि तीही व्यापक जनहित नसेल तरच. आता माहिती ‘वैयक्तिक’ असणे पुरेसे आहे.

७/ कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद शाबूत आहे, असा बचाव केला जातो. तरतूद आहे, पण जनहित कोणते, हे ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्याकडे कागद आहे. खासगीपणाचे रक्षण तर जुन्या कलमातही होते. नवे संरक्षण मिळाले ते कुणाला?

८/ हजेरीपट म्हणजे नावांचीच यादी. नावे झाकली, तर मृताच्या नावे पैसे उचलले गेले हे कोण ओळखणार? संसदेला वा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे जुन्या कलमात स्पष्ट लिहिले होते. ते वाक्यही वगळले गेले. ते परत आलेच पाहिजे.