पुलाच्या पायाशी

तिरुवैयारु म्हटले की संत त्यागराजांची समाधी आणि दर पौष वद्य पंचमीला कावेरीकाठी होणारी आराधना आठवते. तंजावरच्या मराठे राजांच्या या मुलखाला पाणी मिळते ते वरच्या अंगाने, मुक्कोंबूहून. तेथे कावेरीला कोळ्ळिडम हा फाटा फुटतो. तिथला बंधारा आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८३६ मध्ये बांधला. २२ ऑगस्ट २०१८ ला त्याच्या ४५ पैकी ९ दरवाजे पुरात वाहून गेले. खालच्या भातशेतकऱ्यांच्या तोंडचे पाणीच पळाले!

त्याच आठवड्यात तिरुचिरापल्लीला कोळ्ळिडमवरचा १९२८ चा पूलही खचला. मात्र तिथे कोणी दगावले नाही. पूल थकल्याचे ओळखून शेजारी नवा बांधला होता आणि जुन्यावरची वाहने २०१६ मध्येच थांबवली होती.

महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी पूलही १९२८ चाच. मे २०१६ मध्ये त्याची तपासणी झाली, तो वाहतुकीस योग्य ठरला. २ ऑगस्टच्या रात्री तो कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह सावित्रीत गेल्या.

मग तपासणी व्यर्थ म्हणायची का? नाही, पण ती कुठे आणि कधी केली, हे विचारायलाच हवे. पुलाचा आजार बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या कठड्यात नसतो, पायाशी असतो. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे घालून तळाची वाळू उपसते. गंमत अशी, की पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो आणि उन्हाळ्यात पाहणाऱ्याला सारे ठीक दिसते. म्हणून पाणबुडे उतरवावे लागतात, ऐन पुरात तळाची खोली मोजावी लागते. नदीतून बेसुमार वाळू उपसली जात असेल तर खांब आधीच उघडे पडलेले असतात. हा खर्च नव्या पुलापुढे किरकोळ, पण त्याचे उद्‌घाटन होत नाही!

घराचेही तसेच. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. सभेत रंगाचा ठराव मात्र आधी मंजूर होतो. निदान भिंतीवरच्या भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग अजून वाढते आहे. रंगाऱ्याला थांबवून आधी अभियंत्याला बोलवावे.