रंगीत तालीम आणि खरा प्रयोग

प्रयोगात चुका होऊ नयेत म्हणून नाटकाची रंगीत तालीम घेतात. परंतु जी तालीम एकही चूक दिसू न देण्याच्या बेतानेच आखली जाते तिचा उपयोग काय, असा प्रश्न रासायनिक अपघातांचे सराव पाहताना आमच्या मनात वारंवार येतो. भोंगा वाजतो, बंब धावतात, मुखवटे चढवलेले जवान कल्पित जखमींना उचलून नेतात, छायाचित्रे निघतात, आणि सराव यशस्वी झाल्याचे पत्रक दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर येऊन पडते. त्या पत्रकात एका प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा नसते. हद्दीपलीकडच्या शेजाऱ्याला ही वार्ता कोणी, किती वाजता आणि कोणत्या शब्दांत कळवली?

हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे युरोपने फार मोठी किंमत देऊन ओळखले. 1 नोव्हेंबर 1986 च्या मध्यरात्रीनंतर स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गुदामाला आग लागली. आग विझली, पण ती विझवण्यासाठी ओतलेले पाणी कीटकनाशके आणि लाल रंग घेऊन ऱ्हाइन नदीत उतरले. नदी तांबडी झाली, खाली शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. तीच नदी पुढे फ्रान्सच्या काठाने, जर्मनीतून आणि नेदरलँड्समधून वाहते, आणि तिच्या काठची शहरे तिचेच पाणी पितात. त्या शहरांना अधिकृत इशारा मिळण्यास विलंब झाला, याचा संताप आगीच्या संतापाहून कमी नव्हता. बंबवाल्यांनी आपले कर्तव्य केले होते; निरोप मात्र नदीच्या मागे पडला होता.

त्या अनुभवाने ऱ्हाइनकाठच्या राष्ट्रांना शहाणे केले, आणि 1992 साली हेलसिंकी येथे औद्योगिक अपघातांच्या सीमापार परिणामांविषयीचा करार झाला. तो 2000 साली अंमलात आला. प्रत्येक राष्ट्राने सूचना देण्याघेण्याची ठिकाणे नेमावी आणि शेजाऱ्यांनी पूर्वतयारी एकत्र करावी, हे त्याचे एक मुख्य सूत्र आहे. अशा व्यवस्थेचा उपयोग होतो का? होतो. 30 जानेवारी 2000 रोजी रुमानियात बाया मारे येथे सोन्याच्या खाणीचा बांध फुटला आणि सायनाइडमिश्रित सुमारे 1 लाख घनमीटर पाणी नद्यांतून हंगेरीच्या तिसा नदीकडे निघाले. डॅन्यूबच्या खोऱ्यात इशाऱ्याची साखळी आधीच बांधलेली असल्याने पाण्याच्या पुढे निरोप गेला, आणि खालच्या गावांना सावध होण्यास अवधी मिळाला. मासे वाचले नाहीत, माणसे वाचली.

येथेच थांबलो असतो तर हा लेख सुखान्त झाला असता. परंतु ओडर नदीची कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पोलंड आणि जर्मनी यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या या नदीसाठी संयुक्त आयोग आहे, इशाऱ्याची लेखी योजना आहे. 2017 साली नदीकाठच्या स्लुबिट्से येथे नदीप्रदूषणाच्या संयुक्त पूर्वतयारीसाठी दोन्ही बाजूंचे अधिकारी एकत्र आले, सरावही झाला. आणि पाचच वर्षांनी, 2022 च्या उन्हाळ्यात, त्याच नदीत शेकडो टन मासे मेले. वाढलेला खारटपणा आणि त्यात माजलेले विषारी शेवाळ हे त्याचे कारण पुढे निष्पन्न झाले. पोलंडच्या बाजूस मासे जुलैअखेरच तरंगू लागले होते. जर्मनीची जाहीर तक्रार अशी की, ठरलेल्या साखळीने वेळेवर सूचना आलीच नाही. तालीम झाली होती, संहिता पाठ होती, आणि प्रयोगाच्या वेळी पडदाच उघडला नाही!

असे का व्हावे? कोणा एका राष्ट्राला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. आमच्या मते त्याचे मूळ मनुष्यस्वभावात आणि कचेऱ्यांच्या रीतीत आहे. सरावात अपघाताची वेळ, जागा आणि रसायन आधीच ठरलेले असते. कारखाना जळतो आणि सारे जण जागे असतात. खरे संकट मात्र रविवारी पहाटे, नाव-गाव न सांगता येते. जबाबदार अधिकारी मग विचार करतो की, कारण कळू द्या, प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या, वरिष्ठांची संमती मिळू द्या. अर्धवट माहिती देऊन आपलीच फजिती कशाला? हा विचार वरवर सुज्ञपणाचा दिसतो. पण संपूर्ण माहिती हाती येईतो पाणी पुढच्या गावाच्या नळात पोहोचलेले असते. पहिला निरोप अपुराच असणार, किंबहुना तो अपुरा असूनही धाडण्याची सवय लावणे हेच सरावाचे खरे काम आहे.

दुसरी अडचण भाषेची. घाबरलेल्या माणसाच्या तोंडची परकी भाषा ऐकणाऱ्याला समजेलच असे नाही. म्हणून रसायनांना संयुक्त राष्ट्रांचे क्रमांक दिलेले आहेत. 1017 म्हटले की क्लोरीन आणि 1005 म्हटले की अमोनिया, हे कोणत्याही देशात कळावे. पण क्रमांक कागदावर असणे वेगळे आणि टेलिफोनवर तो नीट सांगता-ऐकता येणे वेगळे. शिवाय सरावातील प्रत्येक निरोपावर 'हा सराव आहे' असे ठळकपणे नमूद असले पाहिजे. नाहीतर लटका निरोप खरा मानून गाव पळेल आणि पुढे कधी खरा निरोप लटका मानून गाव झोपून राहील.

हे सारे परदेशचे, असे वाचकांनी म्हणू नये. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळात देशाची सीमा आडवी नव्हती. कारखान्याची भिंत हीच सीमा ठरली, आणि कोणता वायू आला, काय करावे, हे भिंतीबाहेरच्यांना कोणी सांगितले नाही. त्यानंतर 1989 चे नियम आले. कारखान्याबाहेरील आपत्कालीन योजनेची तालीम वर्षातून किमान एकदा घ्यावी असे ते सांगतात. परंतु त्या योजनेचा पाया जिल्हा हा आहे. आता दमणगंगा पाहा. ती आमच्या नाशिक जिल्ह्यात उगम पावते, सिल्वासावरून आणि वापीच्या कारखान्यांजवळून जाते आणि दमणला समुद्रास मिळते. एकाच नदीच्या वाटेवर दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश! पालघर जिल्ह्यातील तलासरीपासून गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, आणि रसायनांचे टँकर महामार्गावरून ती अहोरात्र ओलांडतात.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. सीमेलगतच्या जिल्ह्यांनी वर्षातील एक तालीम शेजाऱ्यासह घ्यावी, आणि तिची वेळ आधी जाहीर न करता घ्यावी. रात्री दोन वाजता पलीकडचा टेलिफोन वाजवून पाहावा. कोण उचलतो, काय विचारतो आणि पुढे कोणाला कळवतो, हे घड्याळ लावून टिपावे. जे चुकले ते लपवू नये, छापावे. अशाने जनतेत घबराट पसरेल, असा आक्षेप येईल. आमचा अनुभव उलट आहे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकवले आहे. प्रश्नपत्रिका आधी फोडून घेतलेल्या चाचणीत सगळी मुले उत्तीर्ण होतात आणि वार्षिक परीक्षेत रडतात. चाचणीत चुकलेली आणि ती चूक कळलेली मुले सहसा रडत नाहीत.

पुढच्या सरावाचे पत्रक आमच्याकडे येईल तेव्हा त्यात यशाचे विशेषण नसले तरी चालेल. पलीकडे निरोप किती मिनिटांत पोहोचला, तेवढा आकडा असावा. तो आम्ही पहिल्या पानावर छापू.