‘डायव्हर्जंट’ का कोसळली? गुणकर्माच्या गोष्टीला शुद्ध रक्ताचा शेवट

चळवळीपुढे इतके प्रश्न उभे असताना आम्ही एका इंग्रजी सिनेमालिकेच्या गल्ल्याचा हिशेब का मांडत बसलो आहोत, असे काहींना वाटेल. वाटू द्या. आपली पोरे-पोरी हे सिनेमे मोबाइलवर पाहतात, त्यातल्या नायिकांचे फोटो डीपीला लावतात. आणि या लिकेत जो समाज उभा केला आहे, त्याची चिरफाड बाबासाहेबांनी १९३६ सालीच करून ठेवली आहे. तेव्हा हा विषय आपला आहे.

आधी हिशेब. व्हेरॉनिका रॉथ या अमेरिकन लेखिकेच्या तीन कादंबऱ्या २०११ ते २०१३ या काळात आल्या आणि तरुण वाचकांनी त्या डोक्यावर घेतल्या. त्यावरचा पहिला सिनेमा ‘डायव्हर्जंट’ मार्च २०१४ मध्ये लागला. अमेरिकेत त्याने सुमारे १५ कोटी डॉलर कमावले. दुसरा ‘इन्सर्जंट’ २०१५ मध्ये आला, तो १३ कोटींवर थांबला, पण परदेशातल्या कमाईने त्याला सावरले आणि जगभरातला आकडा २९ कोटींच्या पुढे गेला. तिसरा ‘अलीजंट’ १८ मार्च २०१६ ला लागला आणि अमेरिकेत जेमतेम साडेसहा कोटींच्या आसपास थबकला. जगभरचे मिळून १८ कोटीही झाले नाहीत. यातली निम्मी रक्कम थिएटरवाल्यांकडेच राहते आणि सिनेमा बनवायलाच ११ कोटींच्या वर खर्च झालेला. म्हणजे काय झाले ते समजून घ्या. चौथा सिनेमा ‘असेंडंट’ २०१७ मध्ये लागायचा होता. तो आजतागायत निघाला नाही.

धंद्याच्या जाणकारांनी याची जी कारणे दिली ती खोटी नाहीत. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचे ही चाल ‘हॅरी पॉटर’ने सुरू केली, ‘ट्वायलाइट’ने चालवली, ‘हंगर गेम्स’ने गिरवली. लायन्सगेट कंपनीने तीच इथे लावली. एका तिकिटाची गोष्ट दोन तिकिटांना विकायची. तिसऱ्या सिनेमाला म्हणूनच धड शेवट नाही. त्यात २०१३ पासून ‘मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’, ‘द होस्ट’, ‘ब्युटिफुल क्रीचर्स’ असे एकामागून एक सिनेमे त्याच साच्यातून निघून आपटले होते. लोकांना वीट आला होता. हे सगळे मान्य. पण वीट आलेला प्रेक्षकही पहिल्या दोन सिनेमांना आला होता ना? थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांची पाहणी करणाऱ्या सिनेमास्कोर संस्थेकडे पहिल्याला ‘ए’, दुसऱ्याला ‘ए वजा’ आणि तिसऱ्याला ‘बी’ मिळाला. म्हणजे जे हौसेने तिकीट काढून आत गेले, तेही नाराज होऊन बाहेर आले. आमचे म्हणणे असे, की ही नाराजी गोष्टीच्या पोटातच होती.

गोष्ट अशी. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगात शिकागो शहर कुंपणाआड शिल्लक आहे. समाज पाच गटांत विभागलेला. त्यागी, निडर, विद्वान, सत्यवादी आणि शांतताप्रेमी. त्यागी लोक राज्य करतात, निडर लोक पहारा देतात, विद्वान संशोधन करतात, शांतताप्रेमी शेती करतात. सोळाव्या वर्षी प्रत्येकाची चाचणी होते आणि मग भर सभेत हात कापून, आपल्या रक्ताचे थेंब एका भांड्यात टाकून गट निवडायचा. रक्ताच्या नात्यापेक्षा गट मोठा, ही तिथली शिकवण. एकदा गट निवडला की परत फिरणे नाही. आणि जे कोणत्याच गटात बसत नाहीत, गटाच्या परीक्षेत नापास होतात, ते गटहीन.

वाचता वाचता तुमच्या कानावर ओळखीचे काहीतरी पडले असेल. आपल्याला रोज कुणी ना कुणी ऐकवत असतो, की वर्ण जन्माने नव्हते हो, ते गुणकर्माने होते, मूळ व्यवस्था शास्त्रीय होती, पुढे बिघडली. या पोकळ दाव्याचे चित्र पाहायचे असेल तर ‘डायव्हर्जंट’चा पहिला भाग पाहा. इथे खरोखरच जन्माची सक्ती नाही. चाचणी आहे, निवड आहे, गुण आहेत. आणि तरीही ती व्यवस्था माणसे चिरडते.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी याच गुणकर्मवाल्या चातुर्वर्ण्याला हात घातला होता. समोर आर्यसमाजी होते, तेव्हा जन्माच्या जातीवर टीका करून भागणार नव्हते. बाबासाहेबांनी विचारले, की माणसांचे चार ठरावीक वर्गांत वर्गीकरण होऊ शकते, हे गृहीतच कशावरून धरता? त्यासाठी त्यांनी प्लेटोला समोर आणले. प्लेटोनेही माणसांचे मोजके वर्ग पाडून आदर्श राज्य रचले होते. पण माणसा-माणसांत फरक अगणित असतात, एकाच माणसात अनेक वृत्ती असतात, त्यांना तीन-चार कप्प्यांत कोंबता येत नाही. त्यांचा पुढचा मुद्दा अधिक टोकदार आहे. अशी व्यवस्था आपोआप टिकत नाही, तिला शिक्षेचे बळ लागते. म्हणून रामराज्यात शंबूकाचा वध होतो.

आता पुन्हा शिकागोत या. नायिका ट्रिसची चाचणी होते आणि निकाल एका गटाचा येतच नाही. ती एकाच वेळी त्यागी आहे, निडर आहे, विद्वानही आहे. अशांना डायव्हर्जंट म्हणतात आणि हुडकून मारतात. चाचणी घेणारी बाई तिला सांगते, की ही गोष्ट कुणाजवळही बोलू नकोस. बाबासाहेबांचे दोन्ही मुद्दे एका मुलीच्या अंगावर उभे राहिले आहेत. लेखिकेने ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ वाचले असेल असा आमचा दावा नाही. पण खोट्या वर्गीकरणाला हिंसा लागतेच, हे तिला दिसले होते. पहिल्या सिनेमाची ताकद तिथे होती. सोळा वर्षांच्या कोणत्याही मुलीला, मुलाला तो प्रश्न समजतो. आर्ट्स की सायन्स, पास की नापास, तू कोण आहेस ते आम्ही ठरवू. जगभरची पोरे त्या प्रश्नासाठी आत गेली.

मग गोष्टीने वळण घेतले. ‘इन्सर्जंट’मध्ये सैनिक हातात यंत्र घेऊन फिरतात आणि माणसात डायव्हर्जंटपणा किती टक्के आहे ते मोजतात. एक पेटी आहे, ती फक्त शंभर टक्केवालाच उघडू शकतो. ही पेटी कादंबरीत नाही, सिनेमावाल्यांनी पदरची घातली. अर्थात शंभर टक्के निघते ती ट्रिस. वर्गीकरणाला नकार देणारी मुलगी इथे एका नव्या मोजपट्टीवर अव्वल ठरली.

तिसऱ्या भागात उरलेसुरले वस्त्रही गळून पडते. कुंपणापलीकडे एक सरकारी खाते आहे, जनुकांच्या कल्याणाचे. तिथला अधिकारी सांगतो, की शिकागो हा एक प्रयोग होता. पूर्वी शास्त्रज्ञांनी माणसांची जनुके सुधारायला जाऊन बिघडवली, आता पिढ्यानपिढ्या वाट पाहून शुद्ध जनुकांचा माणूस तयार करायचा होता. तो तयार झाला. ती ट्रिस. बाकीचे सगळे, तिचा प्रियकर फोरसुद्धा, बिघडलेल्या जनुकांचे. तिला वरच्या मजल्यावर शुभ्र कपड्यांत नेतात, त्याला सैनिकांबरोबर खाली धाडतात. ज्या गोष्टीची सुरुवात रक्तापेक्षा गट मोठा म्हणत झाली, ती शुद्ध रक्तावर येऊन थांबली!

कुणी म्हणेल, ट्रिस शेवटी हा भेद झिडकारते. झिडकारते, कादंबरीतही आणि सिनेमातही. पण पाहा, झिडकारण्याचा मान कुणाला मिळाला? शुद्धालाच. जे ‘बिघडलेले’ आहेत त्यांच्या नकाराला या गोष्टीत वजन नाही. दयाळू सवर्ण सुधारकाची गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

जात वंशशुद्धीसाठी होती, या युक्तिवादाचाही समाचार बाबासाहेबांनी त्याच भाषणात घेतला आहे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, मद्रासकडचा ब्राह्मण आणि तिथला परिया एकाच वंशाचे आहेत, मग कसली शुद्धी? आणि बेटीबंदी वंशासाठी म्हणावी तर रोटीबंदी कशासाठी? एकत्र जेवल्याने रक्त बदलते काय? हॉलिवूडच्या पटकथाकारांना ८० वर्षांनी जो मुद्दा नीट मांडता आला नाही, तो इथे एका परिच्छेदात निकाली निघालेला आहे.

आता गटहीनांकडे येऊ, कारण आमच्या मते लिकेचे खरे पाप तिथे आहे. कादंबरीत स्पष्ट लिहिले आहे, की शहरातली झाडलोट, कचरा, बांधकाम, बस आणि रेल्वे चालवणे, ही सगळी कामे गटहीन करतात आणि बदल्यात त्यांना जेवण-कपडे मिळतात. गटांबाहेरचे, पण शहर चालवणारे. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सिनेमात यातले किती दिसते? रस्त्यावर राहणारी मळकी गर्दी आणि तिला अन्न वाटणारे राखाडी कपड्यांतले त्यागी लोक. काम गेले आणि दया उरली. त्यांची पुढारी एव्हलिन, तीही मूळची त्यागी गटाची, त्या गटाच्या नेत्याची बायको. म्हणजे गटहीनांना आपल्यातला पुढारीसुद्धा मिळाला नाही. आणि सत्ता हाती येताच हे लोक काय करतात? ‘अलीजंट’च्या सुरुवातीलाच ते जुन्या सत्ताधाऱ्यांवर खटले चालवून जमावासमोर गोळ्या घालतात. खालच्यांच्या हाती सत्ता दिली तर असेच होणार, हा इशारा आपण किती तोंडांतून ऐकला आहे!

याच तिसऱ्या भागात एक प्रसंग आहे. खात्याचे सैनिक बाहेरच्या वस्त्यांत शिरतात, लेकरे उचलतात आणि वायू सोडून त्यांच्या आठवणी पुसून टाकतात. अमेरिकेत हे वायूशिवाय घडलेले आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या कार्लाइलच्या शाळेत आणि तिच्यासारख्या अनेक शाळांत मूळनिवासींच्या मुलांना घरापासून तोडून, केस कापून, भाषा विसरायला लावली गेली. इतका मोठा इतिहास हाताशी असताना सिनेमाने तो प्रसंग दोन मिनिटांत उरकला आणि पुन्हा उडत्या यंत्रांच्या मारामारीकडे वळला. आम्हाला वाटते, प्रेक्षकाला असे हुकलेले क्षण नेमके शब्दांत सांगता येत नसतील, पण जाणवतात.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात त्याला हरवणारा सिनेमा याच विषयावरचा होता. डिस्नेचा ‘झूटोपिया’ तिसऱ्या आठवड्यातही पहिल्या क्रमांकावर राहिला आणि नवाकोरा ‘अलीजंट’ त्याच्या मागे पडला. झूटोपियात ससा पोलीस आहे, ती पत्रकारांपुढे बोलून जाते की हिंस्र प्राण्यांच्या अंगातच काहीतरी असावे. तिचा कोल्हा मित्र ते ऐकून तुटतो. पुढे तिला कळते की दोष रक्तात नव्हता, कुणीतरी भीती पेरून सत्ता मिळवत होते. त्या सिनेमालाही नावे ठेवता येतील, पीडितांची उपमा शिकारी प्राण्यांना देणे आम्हाला पटलेले नाही. पण निदान त्याने रक्ताचा सिद्धांत खोडून काढला. त्याने जगभरात १०० कोटी डॉलर कमावले. यावरून लगेच असा निष्कर्ष काढू नये की प्रेक्षक जातिअंताच्या बाजूने मतदान करतो. कार्टून सिनेमाला आख्खे कुटुंब जाते, हेही खरे.

‘हंगर गेम्स’चेही तसेच. तिचाही गल्ला घसरला, २०१३ च्या दुसऱ्या भागाने अमेरिकेत ४२ कोटींच्या वर कमावले आणि २०१५ चा शेवटचा भाग २८ कोटींवर आला. तिथेही बंडखोरांची नेता हुकूमशहा निघते. पण कॅटनिस खाणकामगाराची मुलगी आहे, तिच्या रक्तात काही विशेष नाही, तिच्या जिल्ह्याची भूक पडद्यावरून हटत नाही. त्यामुळे तिची तीन बोटांची सलामी सिनेमाबाहेर गेली. २०१४ मध्ये थायलंडच्या लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा विद्यार्थ्यांनी तीन बोटे उंचावली, त्यासाठी काहींना पोलिसांनी उचलले, बँकॉकमधल्या एका थिएटर कंपनीने सिनेमाचे खेळ रद्द केले. २०२१ मध्ये तीच बोटे म्यानमारच्या रस्त्यांवर दिसली. ‘डायव्हर्जंट’मधली कोणती खूण कुठल्या मोर्चात दिसली, आम्हाला तरी आठवत नाही. शंभर टक्के शुद्ध असल्याची खूण कोण कशासाठी उंचावेल?

जुलै २०१६ मध्ये बातमी आली, की ‘असेंडंट’ थिएटरऐवजी टीव्हीवर येईल आणि त्यातून मालिका काढू. ट्रिसची भूमिका करणाऱ्या शेलीन वुडलीने टीव्हीसाठी आपण करार केला नव्हता, असे सांगून अंग काढून घेतले. २०१८ च्या अखेरीस स्टार्झ वाहिनीनेही हात वर केले. कादंबरीत ट्रिस शेवटी मरते, पण पडद्यावर तिला मरणही मिळाले नाही. आणि गटहीनांचे काय? गट मोडल्यावर शिकागोतला कचरा कोण उचलणार आणि बस कोण चालवणार, हे तिन्ही सिनेमांत कुणी विचारलेच नव्हते.