गाईचा माज आणि गळ्यातला पट्टा

गाईच्या गळ्यात पट्टा बांधायचा आणि ती माजावर आली की मालकाच्या मोबाइलवर निरोप यायचा, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. कल्पना तशी जुनीच. माजावरची गाय एरवीच्या दुपटी-चौपटीने चालते, हे अमेरिकेत किडी नावाच्या संशोधकाने १९७७ साली पावले मोजून दाखवले होते. पुढे इस्रायलमधल्या किब्बुत्झांच्या गोठ्यांत गाईंच्या पायांत ही यंत्रे आली. आजचे पट्टे मानेची हालचाल आणि रवंथही मोजतात.

एवढा खटाटोप कशासाठी? माज येतो साधारण एकवीस दिवसांनी आणि टिकतो जेमतेम अर्धा दिवस. तोही पुष्कळदा रात्री, घर झोपलेले असताना. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, हा ठोकताळा गावोगाव ठाऊक आहे. पण दिसलाच नाही तर तीन आठवडे गेले. चारा-पेंड थांबत नाही, वेत मात्र लांबते. दोन-तीन गाईंवर चालणाऱ्या घरात असे दोन माज हुकले, की मुलांच्या फीचे पैसे पेंडीत जातात.

आपल्याकडे माज ओळखते बहुधा घरातली बाई. हंबरणे, दूध चोरणे, सोट टाकणे हे धार काढताना तिच्याच नजरेस पडते. (तिच्या या जाणकारीची मजुरी कोणी धरत नाही, हा भाग निराळा.) पण भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईचा माज अनेकदा तोकडा आणि मुका असतो. तिथे तरबेज नजरही चुकते.

म्हणून पट्टा हवा, हे मला मान्य. माझी शंका दाव्याविषयी आहे. पट्टा मोजतो हालचाल आणि आपली गाय दिवसभर बांधलेली! तिची चुळबूळ तो टिपेल; पण मोकळी गाय फिरते, दुसरीवर उडी घेते, तेव्हा खूण ठसठशीत उमटते. दोन-तीन गाईंच्या घराने आधी कुंपण घालून मुक्त गोठा करावा, असे मला वाटते. पन्नास गाईंच्या मालकाने मात्र पट्ट्याचा हिशेब जरूर मांडावा.

शिवाय उपाशी, खनिजांना मुकलेली गाय माजावरच येत नाही. व्यायल्यावर दोन महिने उलटूनही पट्टा गप्प असेल, तर तो बिघडला असे समजून विक्रेत्याला फोन लावण्याआधी डॉक्टरला बोलवावे.