भरतीचे गणित आणि उलव्याचे नागरिक

खाडीत पाणी केव्हा चढेल असे उलव्याकडील कोणा वृद्ध कोळ्यास विचारावे, तर तो घड्याळाकडे न पाहता तिथी विचारील. तिथीचा आकडा तिनाने गुणून चाराने भागावा, की भरतीची सुमाराची वेळ निघते: अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. ह्यात चमत्कार मुळीच नाही. चंद्र सूर्यापासून किती पुढे सरकला याचे माप म्हणजेच तिथी. आणि चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते.

खरे आश्चर्य निराळेच आहे. सूर्य चंद्राहून सुमारे 2 कोटी 70 लक्ष पट जड; तरी भरती उठविण्याचे त्याचे सामर्थ्य चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. कारण हे सामर्थ्य अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, आणि सूर्य चंद्राच्या सुमारे 390 पट दूर आहे. दोघे एका रेषेत आले म्हणजे उधाण, काटकोनात आले म्हणजे भांग.

हे ज्ञान केवळ कौतुकाचे नव्हे. उलवे खाडीकाठच्या सखल भूमीवर वसले आहे. 2025 साली सुरू झालेल्या विमानतळासाठी येथील टेकडी कापली गेली व उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. अशा ठिकाणी अतिवृष्टी व उधाण एकाच वेळी आले, तर गटारांतील पाण्यास वाट कोठून मिळणार? 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीने निचरा अडवून मुंबईस हाच धडा दिला. पाऊस नेमका केव्हा कोसळेल हे सांगणे कठीण; भरती मात्र वर्षभर आधी सांगता येते. जो व्यापारी हुंडीची मुदत विसरत नाही, त्याने उधाणाची तिथी का विसरावी?

लाटांचा जोर मोडणारे कांदळवन ही पडीक जमीन नव्हे. त्याचा नाश म्हणजे संविधानाच्या 21व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 रोजी ठरविले आहे. मात्र निकालाचे रक्षण जागरूक नागरिकांनीच करावयाचे असते.

सिडकोने पावसाळ्यापूर्वी उधाणाच्या तारखा व वेळा बाजारात ठळक फलकांवर लावाव्यात, अशी आमची मागणी आहे. शिक्षकांनीही मुलांस खाडीकाठी न्यावे, कोळ्याचे गणित घड्याळाशी ताडून पाहण्यास लावावे, आणि अंतर किती मिनिटांचे पडते ते त्यांनाच मोजू द्यावे. ऐकून मानण्यापेक्षा तपासून मानणारी पिढी तयार झाली, तर पुष्कळ संकटे उंबरठ्याबाहेरच थांबतील.