लावणीच्या शिक्षिकेला ‘गुरू’ कोण म्हणणार?

सांगली जिल्ह्यातील मिरज शहराचे नाव निघाले की लोकांना तंबोरे आठवतात, अब्दुल करीम खाँसाहेबांचा उरूस आठवतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ मात्र चटकन कोणाला आठवत नाही. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर १९३१ साली मिरजेत निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. नफ्यासाठी न चालणारी ही संस्था आज गायन-वादनाप्रमाणेच कथक, भरतनाट्यम् यांसारख्या नृत्यशैलींच्याही परीक्षा घेते. कराडला किंवा इस्लामपूरला भाड्याच्या खोलीत दहा-पंधरा मुलींना कथक शिकवणाऱ्या बाईंच्या पाठीशी जे काही उभे असते ते हेच. ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’, ‘अलंकार’पर्यंत आखलेला अभ्यासक्रम, बाहेरून येणारा परीक्षक आणि शेवटी हाती पडणारे प्रमाणपत्र. या आधारावर ती बाई पालकांकडे सन्मानाने फी मागू शकते. कोणा संस्थानिकाच्या मर्जीवर तिची चूल पेटत नाही. शिक्षकांनी शिक्षकांसाठी उभारलेल्या अशा संस्थेचे मोल समाजवाद्यांना वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पण याच टापूत नृत्य शिकवणारी दुसरीही एक बाई आहे. ती संगीत बारीत असते, फडात असते, वाईच्या एखाद्या गल्लीत असते. पदन्यास, अदा, ढोलकीच्या बोलाशी चाळांनी करायची सवाल-जबाबाची झटापट हे सारे ती आपल्या भाचीला किंवा नातीला शिकवते. तिला आजवर कोणी शिक्षिका म्हटलेले नाही. जनगणनेचा कारकून तिच्या घरी आला तर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वाईच्या यमुनाबाई वाईकर यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९१५ साली कोल्हाटी समाजात त्यांचा जन्म झाला. लावणीची पहिली दीक्षा त्यांना आईकडून मिळाली. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर पुनःपुन्हा नवी अदा उभी करण्याची त्यांची ताकद अशी, की पंडित बिरजू महाराजांसारख्या कथकच्या आचार्याने त्यांच्या लावणीवर अदा केली. १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. २०१८ साली त्या गेल्या. एका व्यक्तीचा गौरव झाला, उशिरा का होईना झाला, याचा आनंदच आहे. परंतु ज्या परंपरेतून ती व्यक्ती घडली त्या परंपरेतील शिकवणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला त्या गौरवातून काय आले? पुरस्कार एकीच्या नावावर जमा होतो आणि शिकवण्याचा धंदा होता तेथेच राहतो.

ही विषमता आकाशातून पडलेली नाही. तरुण विष्णू दिगंबरांनी १८९६ साली मिरज सोडली. त्यामागची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी दिली आहे. एका समारंभाचे आमंत्रण त्यांना आले, पण त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना आले नाही, कारण ते पडले ‘गवई’. हा अपमान पलुसकरांच्या जिव्हारी लागला आणि गवयाला समाजात मानाचे स्थान मिळवून देण्यासाठी त्यांनी सारे आयुष्य वेचले. हे कार्य थोरच होते. मात्र त्या काळात कलेला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा जो मार्ग मध्यमवर्गाला सुचला, तो बैठकीत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांपासून कलेला दूर नेण्याचा होता. दक्षिणेत हेच अधिक उघडपणे घडले. देवदासींच्या सदिराचे ‘भरतनाट्यम्’ झाले, सुखवस्तू घरांतील मुली ते शिकू लागल्या आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासींचे मंदिरातील नृत्य बंद झाले. प्रथा जायलाच हवी होती, याविषयी दुमत नाही. पण प्रथेबरोबर ज्ञानावरचा त्या स्त्रियांचा हक्कही गेला आणि ते ज्ञान इतरांच्या मुलींना प्रमाणपत्रासह मिळू लागले. आज मिरजेच्या परीक्षेला बसणारी आठ वर्षांची मुलगी जो अडवू घोटते, त्याची ही पूर्वपीठिका आहे.

आपणही या बाबतीत निर्दोष नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तमाशाचा बाज उचलला. गण, गवळण, बतावणी, वग हे सारे घेतले आणि त्यातून नीळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट महाराष्ट्राला दिले. लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे यांनी तेच हत्यार कामगारांच्या हाती दिले. अण्णाभाऊ वाटेगावचे, पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंचा फड कवलापूरचा. ही तिन्ही गावे आजच्या सांगली जिल्ह्यातली. या मातीने आपल्याला सोंगाड्या दिला, शाहीर दिला. आपण तो डोक्यावर घेतला. नाचणारी बाई मात्र फडातच राहिली. तिचे नृत्य ‘बीभत्स’ आणि आपले लोकनाट्य ‘निकोप’, ही वाटणी आपल्यालाही सोयीची वाटली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. दलित स्त्रियांच्या नाचण्यातून आलेला पैसा त्यांना नको होता. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ ज्यांनी वाचले आहे त्यांना लावणीचे गोडवे गाताना जीभ अडखळल्याशिवाय राहणार नाही. दौलतजादा, ‘चिरा उतरवणे’, फडमालकाच्या उचलीत अडकलेली वर्षे, हा सरंजामी शोषणाचा इतिहास आहे. मग अशा विद्येला संघटनेचे बळ देऊन आपण जातीचा धंदाच पक्का करणार नाही काय?

माझे उत्तर असे, की आज तो धंदा पक्का आहे तो शिक्षिकेला दर्जा नाही म्हणूनच. तिचे ज्ञान बाजारात एकाच रूपाने विकले जाते, तरुण देहाच्या रूपाने. आणि तारुण्य ओसरले की तिच्या पदरी विद्या असूनही दाम उरत नाही. म्हणून ती आपल्याच घरातल्या पोरीला उभी करते. तीच बाई साताऱ्याच्या शाळेतील कोणत्याही जातीच्या मुलामुलींना फी घेऊन शिकवू लागली, तर तिच्या नातीला नाचावेच लागणार नाही. नातीला वकील व्हायचे असेल तर ती वकील होईल.

शासनाकडून हे काम होईल या भ्रमात कोणी राहू नये. १९४८ च्या सुमारास खेर मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. नंतर ती उठली ती वगांच्या संहिता तपासण्याची अट घालून. २००५ साली आपल्याच तासगावचे रा. रा. पाटील गृहमंत्री असताना डान्सबारबंदी आली. तिच्यातून तारांकित हॉटेलांना वगळले होते! परंपरेने नाचणाऱ्या समाजांतील कितीतरी मुली त्या बारमध्ये होत्या. नाच हा श्रीमंताच्या हॉटेलात संस्कृती आणि गरिबाच्या बारमध्ये अनीती कसा ठरतो, हा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली मोडून काढावा लागला. वृद्ध कलावंतांना शासन मानधन देते, २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झाले आहे. ते जरूर घ्यावे. पण मानधन म्हणजे हक्काचे वेतन नव्हे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी यात्रा बंद पडल्या तेव्हा फडांवर पोट असणाऱ्यांची काय दशा झाली, हे आपण पाहिले आहे.

तेव्हा सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील लावणी-नृत्य शिकवणाऱ्यांचे एक मंडळ उभे राहिले पाहिजे. त्यात नाचणाऱ्या आणि शिकवणाऱ्या स्त्रिया असाव्यात, ढोलकीवाले व पेटीवाले असावेत. फडमालक नसावेत, कारण उचल देणारा आणि घेणारा यांचे हित एका संघटनेत नांदत नाही. अभ्यासक्रम त्या स्त्रियांनीच ठरवावा. परीक्षक त्यांच्यातलेच असावेत. एखाद्या प्राध्यापकाने दोन महिन्यांचे शिबिर करून त्यांना ‘लोककला’ शिकवायला येऊ नये, आणि जिला सही करता येत नाही तिला लेखी परीक्षेची अट घालून दारातच अडवले जाऊ नये. मिरजेच्या मंडळाजवळ परीक्षा चालवण्याचा नव्वदांहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. केंद्र कसे चालवावे, शुल्क किती असावे, परीक्षकाचा निःपक्षपातीपणा कसा राखावा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, आणि ज्या अपमानातून त्यांच्या गुरूंनी मिरज सोडली तो आठवून त्यांनी हात पुढे केला तर उत्तमच. ‘शास्त्रीय’ शब्दाचा अडसर ते मध्ये घालणार असतील तर त्यांच्याशी वाद घालावा लागेल. तो घालण्याइतपत आपल्यात शहाणपण आहे.

कार्यकर्त्यांना एकच व्यावहारिक सूचना. आपली सवय अशी, की सभा आपल्याला सोयीच्या वेळी बोलवायची आणि मग लोक आले नाहीत म्हणून लोकांना बोल लावायचा. फड दसऱ्याला बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततात. मधल्या काळात यांतील कोणीही गावी सापडणार नाही. पहिली बैठक ज्येष्ठ-आषाढात घ्यावी, ती वाईला किंवा कवलापूरला त्यांच्याच वस्तीत घ्यावी, आणि भाषणांची यादी करण्याआधी प्रत्येक घरी जाऊन बाईंना विचारावे की आजवर किती जणींना तुम्ही शिकवले, आणि त्यांची नावे लिहून घ्यावीत.