इंजिनापर्यंत हात पोचू द्या

फेरारी, लॅम्बोर्गिनी, झालंच तर पुण्याकडची डीसी अवंती. मिड-इंजिन गाडी म्हटलं की हीच नावं निघतात. असल्या गाड्या आपल्याकडं कुठं, असं माझे विद्यार्थी म्हणायचे, तेव्हा मी त्यांना आयटीआयच्या फाटकाबाहेर प्रवासी भरत उभी असलेली ओम्नी दाखवायचो. इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, थेट पुढच्या सीटखाली. व्याख्येला धरून बघितलं तर तीही मिड-इंजिनच. पोरं हसायची. मोटार मेकॅनिक ट्रेडचा शिल्पनिदेशक म्हणून माझी सगळी नोकरी लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत गेली, आणि या एका मुद्द्यावर मी पोरांना हमखास छळलं: गाडी किती पळते ते नंतर, आधी सांगा, तिच्या इंजिनापर्यंत तुमचा हात कसा पोचणार?

१९८४ साली मारुतीची व्हॅन आली, पुढं तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ पर्यंत ती बनत राहिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. उन्हाळ्यात नांदेडहून लोह्याला जाईपर्यंत ड्रायव्हरची बैठक शेकून निघायची, ते खरंच. पण सीट उचलून खालचं झाकण काढलं की प्लग समोर, कार्ब्युरेटर समोर. क्लच प्लेटसाठी मात्र गाडीखाली घुसून गिअरबॉक्स उतरवावा लागे, त्याला इलाज नव्हता. २००५ साली टाटांचा एस आला, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, तेही सीटखालीच आणि तिथंही तोच न्याय. मोंढ्यात माल उतरेपर्यंत ड्रायव्हर स्वतः सीट वर करून तेल बघून घेतो. या स्वस्तातल्या गाड्या काढणाऱ्यांनी पाना धरणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

महागड्या गाड्यांत तो दिसेलच असं नाही. फेरारीच्या ३४८ आणि एफ-३५५ या गाड्या घ्या. टायमिंग बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो, नाहीतर तुटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट इंजिनाच्या पुढच्या अंगाला, आणि तिथंच सीटच्या पाठीमागची भिंत चिकटलेली. हात घालायला जागाच नाही. म्हणून गाडी वर उचलायची, सबफ्रेमसकट अख्खं इंजिन खाली उतरवायचं, बेल्ट बदलायचा आणि सगळं परत चढवायचं. रबराच्या पट्ट्यासाठी एवढा खटाटोप. १९९९ साली ३६० मॉडेना आली आणि तिच्यात त्याच कंपनीनं सीटच्या मागं एक काढता येणारं झाकण दिलं. सीट सरकवा, झाकण काढा, बेल्ट समोर. इंजिन पहिल्यासारखंच मध्यावर राहिलं आणि गाडीचा वेगही कमी झाला नाही. मग हे झाकण आधीच का दिलं नाही, या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मला तरी सापडलेलं नाही. माझ्या मते उत्तर हिशेबाचं आहे, ते पुढं सांगतो.

जुन्या मिड-इंजिन गाड्या बाळगणारे हौशी लोक ही सोय स्वतः करून घेतात. सीटमागच्या भिंतीला खिडकी पाडतात आणि तिच्यावर बोल्टचं झाकण बसवतात. जुन्या गाड्यांचे सोवळे शौकीन यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते मूळ पत्र्याला हात लावणं म्हणजे पाप. मी खिडकीवाल्यांच्या बाजूचा आहे. दुरुस्ती परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षं कापडाखाली झाकून ठेवलेल्या अस्सल गाडीपेक्षा खिडकी पाडलेली पण रस्त्यावर पळणारी गाडी केव्हाही बरी.

पण ती भिंत शोभेची नसते. उष्णता, धूर, आवाज आणि वेळ आलीच तर आग, यांच्यात आणि माणसात तेवढाच एक पत्रा असतो. पत्र्यावर उठवलेल्या धारी ताकदीसाठी असतात, त्या कापल्या की सांगाडा ढिला पडतो. म्हणून खिडकी दोन धारींच्या मधल्या सपाट भागातच पाडायची, कोपरे गोल ठेवायचे कारण चौकोनी कोपऱ्यातून पत्रा चिरत जातो, कडेनं पट्टीची चौकट बसवायची, कापलेल्या कडांना प्रायमर लावायचा. झाकण मूळ पत्र्याहून पातळ नको. खाली उष्णता सोसणारं गॅस्केट हवं आणि बोल्ट इतके जवळजवळ की झाकण खडखडायला नको. हे सगळं एका दिवसात होतं. चांगला डेंटर आणि चांगला वेल्डर लागतो, आणि दोघंही नांदेडात मिळतात.

आता आपल्याकडं प्रत्यक्षात काय चालतं ते बघा. फेरारी राहू द्या, साध्या गाडीतला पेट्रोल पंप घ्या. इंजेक्शनच्या गाड्यांत तो टाकीच्या आत बुडालेला असतो. काही गाड्यांत मागच्या सीटखाली त्याच्यासाठी झाकण असतं: चार स्क्रू काढले की पंप हातात. काही गाड्यांत ते नसतं, मग भरलेली टाकी रिकामी करून खालून उतरवा. हे टाळायला मिस्त्री सीट काढतो आणि अंदाजानं पत्रा कापतो. एका ओळखीच्या माणसाची गाडी माझ्याकडं अशीच आली होती. कुठल्या गॅरेजचं काम ते विचारलं नाही आणि सांगणारही नाही. कापलं होतं ग्राइंडरनं, खाली पेट्रोलची टाकी असताना. ठिणगी उडाली नाही हे त्या गॅरेजचं नशीब. कापलेला तुकडा परत ठेवून वर एम-सील थापलेलं. पहिल्या पावसात गाडीच्या आत पाणी आणि वर पेट्रोलचा वास. मालक म्हणाले, "सर, मजुरी तर वाचली ना!" काय बोलणार.

मिस्त्रीची चूक मोठीच आहे, पण त्याला तिथवर आणलं कुणी? टाकीवर झाकण ठेवणं कंपनीला अवघड नव्हतं. टाटांच्या नॅनोचंही उदाहरण आहे. इंजिन मागं, डिकीच्या तळाखाली. २००९ च्या नॅनोला मागचं दार उघडणारंच नव्हतं, सामान ठेवायचं असो की इंजिन बघायचं, मागची सीट पाडून आतूनच शिरायचं. किंमत कमी ठेवायची म्हणून तसं केलं, ते समजण्यासारखं आहे. उघडणारं दार २०१५ साली जेनएक्स नॅनोला मिळालं.

आता तो हिशेब. लातूरला हरंगुळजवळ रेल्वेचा डब्यांचा कारखाना उभा आहे. तिथं स्लीपर वंदे भारत बनवण्याचा जो करार २०२३ साली झाला, तो मूळ १२० गाड्यांचा, आणि त्यातलं एक कलम माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं आहे: ज्यांनी गाड्या बनवायच्या, त्यांनीच पुढची ३५ वर्षं त्यांची देखभाल करायची. वंदे भारतला वेगळं इंजिन नसतं, बरीचशी यंत्रणा डब्यांच्या तळाखाली टांगलेली असते. एखादा बोल्ट अडचणीच्या जागी बसवला तर त्याची मजुरी ३५ वर्षं बनवणाऱ्याच्याच खिशातून जाणार. अशा वेळी नकाशा काढणारा इंजिनिअर आपसूक खड्ड्यात उभ्या फिटरचा विचार करतो. मोटार कंपनीला ती झळ बसत नाही. वॉरंटी संपली की बोल्ट अवघड जागी असल्याचा दंड गिऱ्हाईक भरतं, आणि उलट सर्व्हिस सेंटरला तेवढेच जास्त तास लावता येतात. झाकण का नाही याचं उत्तर मला इथं दिसतं.

हा दंड नुसत्या पैशाचा नाही. मजुरी जास्त म्हणून लोक काम पुढं ढकलतात. वॉटर पंप गळतोय, पाणी टाकत राहू. बेल्टची मुदत झाली, दिवाळीनंतर बघू. मग अहमदपूर ते लोहा दरम्यान रात्री गाडी बंद पडते आणि कुटुंब रस्त्याच्या कडेला उभं राहतं.

कायद्याची बाजूही गमतीची आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत असं बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा फेरफारामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कर्कश सायलेन्सर आणि बेताल वाढवलेले टायर यांच्यासाठी हे ठीकच आहे. पण बेल्टसाठी नीट पाडलेली खिडकी आणि टाकीवर ग्राइंडर चालवून पाडलेलं भोक, यांना वेगळं ओळखायची सोय या कायद्यात मला दिसत नाही. त्यामुळं चांगलं काम करणारा मिस्त्री भितो आणि वाईट काम करणारा सीटखाली लपवून करतो.

२०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यात मोटारी आहेत, शेतीची अवजारंही आहेत. पण बोलणं होतं ते सुट्या भागांचं आणि माहितीपुस्तकांचं. भाग मिळाला, पुस्तक मिळालं आणि हातच पोचला नाही तर काय उपयोग? मला दोन गोष्टी हव्या आहेत. विक्रीच्या माहितीपत्रकात मायलेजच्या शेजारी छापा की टायमिंग बेल्ट किंवा चेन, क्लच प्लेट, वॉटर पंप आणि पेट्रोल पंप बदलायला किती तास लागतात. कंपन्यांकडं हे आकडे तयार असतात, मजुरी त्यावरच लावतात.

दुसरी गोष्ट परिवहन खात्यानं करायची. तपासणी-झाकणाचा एक प्रमाण नमुना ठरवा: पत्र्याची जाडी, कोपऱ्याची गोलाई, गॅस्केटचा प्रकार, टाकीजवळ ग्राइंडरला सक्त बंदी. विष्णुपुरीच्या गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतनात पोरं दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. त्यांना चार-पाच मॉडेलचे नकाशे काढायला द्या, ताकदीची चाचणीही तेच करतील. नमुन्याप्रमाणं काम केलेल्या गाडीची नोंद एमएच-२६ किंवा एमएच-२४ च्या कार्यालयात किरकोळ शुल्कात व्हावी आणि फिटनेसच्या वेळी निरीक्षकानं ते झाकण उघडून बघावं. बघायला सीट उचलावी लागेल, एवढंच.